उत्तर न देणारं

२७ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची टॅमरॅक लेकला! विनिपेगहून आलेलं विमान इतकं पिटुकलं होतं की पायलटने मलाच विचारलं, पुढे बसतेस की मागे सामानात. मी अर्थात पुढे. पायलटचं नाव मार्सेल, विनिपेगच्या फ्रेंच वस्तीतला, सेंट बॉनिफेसचा, दर दोन वाक्यांत एक फ्रेंच शब्द. खाली नुसती गोठलेली तळी आणि मधे काळी झाडं. उतरल्यावर त्याने माझ्या हातात एक मेपल कँडी ठेवली आणि विनिपेगहून नवऱ्याला, राजरत्नला, काही पाठवायचं असेल तर माझ्या विमानात देऊन टाक म्हणावं, असं सांगितलं. म्हणजे कोथिंबिरीची सोय झाली.

रडार स्टेशन विमानतळाच्या मागच्या टेकाडावर आहे. खाली पत्र्याची बैठी इमारत, आणि तिच्या छपरावर पांढराशुभ्र गोल घुमट. घुमटाच्या आत रडारची तबकडी गरगर फिरत असते. आता हे सगळं मोडीत निघायचंय. उपग्रहांवरून विमानं बघायची सोय झाल्यावर हा म्हातारा कशाला पोसायचा? मी त्याला निरोप द्यायला आलेय. तो नीट दिला की टोरांटोजवळच्या रिचमंड हिलला आमच्या कंपनीच्या ऑफिसातली कायमची जागा माझी, असं चारुदत्त सरांनी तोंडाने तरी कबूल केलंय.

राहायला मोटेल. बाथरूमची फरशी मी पुन्हा पुसून घेतली, तेव्हा कुठे चप्पल काढवली. राजरत्न म्हणतो, धम्मप्रिया स्वर्गात गेली तरी आधी फिनेल मागेल. मागेन. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर उत्पलाला खिडकीतून घुमट दाखवला. "मम्मा, इट्स अ जायंट गोल्फ बॉल!" मे लाँग वीकेंडला ती आणि राजरत्न इकडे येणार आहेत. तिला तो बॉल हात लावून बघायचाय.

२९ एप्रिल, बुधवार

कामाला लागले. काम सोपं आहे, उत्पलालासुद्धा समजेल असं. रडार आकाशात हाक सोडतं आणि जे काही वर असेल त्यावर आपटून ती परत येते. समोरच्याची इच्छा असो वा नसो, तो दिसतोच. नवी पद्धत सभ्य आहे. प्रत्येक विमानातली एक पेटी स्वतःच सांगत राहते, मी अमुक, एवढ्या उंचीवर, इकडे चाललोय. उपग्रह ते ऐकतात आणि पडद्यावर विमानाशेजारी त्याच्या नावाची पट्टी दिसते. माझ्यापुढे दोन पडदे आहेत, एक रडारचा, एक नव्याचा. दोन्हींवरचं चित्र सतत जुळलं पाहिजे. जुळलं की रडार बंद.

आणि ते जुळत नाहीये. तळ्याच्या पलीकडे रडारला काहीतरी दिसतं. मोठं, कडा नसलेलं, सांडलेल्या पिठल्यासारखं. हळूहळू एका जागी घिरट्या घालतं. नव्या पडद्यावर तिथे काहीच नाही.

स्टेशनचा केअरटेकर गॉर्ड म्हणाला, असेल काहीतरी, पक्षी असतील. हा माणूस म्हणजे एक प्रकरण आहे. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळतो आणि टरफलं कॉफीच्या कपात थुंकतो. तो थुंकीने भरलेला कप माझ्या कीबोर्डशेजारी! मी पेपर टॉवेलने धरून बाहेर नेऊन टाकला. त्याला राग आला नाही, त्याने दुसरा कप घेतला.

दुपारी चाचणीसाठी तबकडी काही वेळ थांबवली. एवढ्या वर्षांत ती क्वचितच थांबली असेल. तिची घरघर बंद झाली तर कानांना चुकल्यासारखं वाटलं.

१ मे, शुक्रवार

आज बुद्ध पौर्णिमा. सकाळी मोटेलच्या टेबलावर छोटी मूर्ती मांडून वंदना घेतली. विनिपेगला आपले सगळे हॉलमध्ये जमले होते, राजरत्नने फोन धरून दाखवलं. मी मायक्रोवेव्हमध्ये खीर केली, बरी झाली, आणि डब्यात घालून स्टेशनवर नेली.

काल आम्ही परत तबकडी थांबवली होती. आज बघते तर पांढऱ्या घुमटाच्या माथ्यावरून पिवळट काहीतरी ओघळलेलं. गॉर्ड शिडी लावून चढला आणि बोटाने खरवडून, चक्क हुंगून, मला दाखवायला खाली घेऊन आला. चरबी. डुकराची चरबी उन्हात राहिली की येतो तसा वास, वर ओल्या पिसांचा. गॉर्डने बोट पँटला पुसलं आणि त्याच हाताने माझ्या डब्यातली खीर चाखली. नाईस, म्हणाला.

डबा त्यालाच देऊन टाकला. वॉशरूममध्ये जाऊन भडाभडा ओकले. सणाच्या दिवशी मला माणसाची एवढी किळस यावी, याचंच वाईट वाटत राहिलं.

४ मे, सोमवार

वीकेंडला चाचणीसाठी तबकडी थांबवली होती, आज बघते तर घुमटाखाली काहीतरी पडलेलं. घुबड उंदीर गिळतं आणि मग हाडं, केस यांचा गोळा ओकून टाकतं, शाळेत शिकलो होतो. हा तसलाच गोळा, पण आमच्या मोटेलच्या फ्रिजएवढा. राखाडी, ओला, चिकट धाग्यांनी बांधलेला. गॉर्डने फावड्याने फोडला तर आत हंसांची हाडंच हाडं. शेकडो माना, एकमेकींत गुंतलेल्या. चोची तशाच. काहींना अजून मांस होतं आणि ते वळवळत होतं. वळवळणाऱ्या अळ्या होत्या, एवढ्या थंडीत. गॉर्डने ते ड्रममध्ये घालून पेटवलं. तो वास माझ्या केसांत बसलाय, दोनदा न्हाऊनही जात नाही.

रडारवरचं ते पिठलं मोठं झालंय. आणि तळ्यावर उतरणारे हंसांचे थवे दिसेनासे झालेत.

चारुदत्त सरांना फोन केला. सर पुण्याचे, गोड बोलतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ धम्मप्रिया, नॉर्थमध्ये वाइल्डलाइफ असणारच ना. आपल्याला प्लेन्स ट्रॅक करायची आहेत, बर्ड्स नाही. जे रिप्लाय करत नाही ते क्लटर. फिल्टर कर आणि मॅच दाखव." वर हेही म्हणाले की क्लायंट शटडाउनची तारीख पुढे ढकलायला अजिबात तयार नाही.

मी फिल्टर लिहिला. आमच्या धंद्याची ही जुनीच सवय आहे. दोन चित्रं जुळत नसतील तर चुकीचं कोणतं ते शोधायचं नाही, गैरसोयीचं असेल ते पुसायचं. जे स्वतःचं नाव सांगत नाही, ते रडारनेही दाखवायचं नाही, एवढी एकच ओळ. पडदा एकदम स्वच्छ झाला. मला बरं वाटलं, अगदी फरशी पुसल्यावर वाटतं तसं.

६ मे, बुधवार

चित्रं तंतोतंत जुळताहेत. सरांनी सगळ्या टीमला मेल टाकून माझं कौतुक केलं. राजरत्नने मार्सेलजवळ पार्सल द्यायचं ठरवलंय, कोथिंबीर आणि आईने नागपूरहून पाठवलेला सावजी मसाला. इथलं मिळमिळीत सूप पिऊन जिभेला बुरशी यायची वेळ आलीय.

दुपारी तबकडी थांबवली तेव्हा छपरावर काहीतरी वजनदार टेकल्याचा आवाज झाला. पत्रा कण्हला. मी गॉर्डला म्हटलं, बघून ये. तो बिया थुंकत म्हणाला, तू बघ. कोणीच गेलं नाही. तबकडी सुरू केली तसं ते वजन उठलं आणि गेलं. नंतर छताच्या सांध्यातून एक पिवळा थेंब माझ्या नोट्सवर पडला. कागद ग्लोव्ह घालून फेकला.

८ मे, शुक्रवार

मार्सेलचं विमान आलं नाही.

पडद्यावर ते मला नीट दिसत होतं. नावाची पट्टी सरळ आमच्या दिशेने येत होती. तळ्याच्या पलीकडे पोचली आणि वळली. मग घिरट्या घालायला लागली. रेडिओवर मार्सेल उत्तर देईना. मी धावत बाहेर गेले. आकाश निरभ्र, कुठे आवाज नाही. आत येऊन बघितलं तर पट्टी फिरतेच आहे.

गॉर्डने विमानतळावर कळवलं. शोधायला हेलिकॉप्टर निघालंय. राजरत्नचा फोन आला, पार्सल मिळालं का? कामात आहे म्हणून फोन ठेवला.

१० मे, रविवार

सापडलं नाही. ना विमान, ना धूर, ना बर्फाला तडा. आणि मार्सेलच्या नावाची पट्टी अजून फिरतेय. इंधन संपून कितीतरी वेळ झाला, तरीही. हेलिकॉप्टरवाल्यांना त्या जागी जाऊन काही दिसलं नाही, ढगांत घाण वास होता एवढंच म्हणाले. अर्थात ते पट्टी फिरतेय त्या उंचीच्या खालूनच गेले असतील.

मी रडारवरचा माझा फिल्टर काढला. पट्टी आणि ते पिठलं एकाच जागी आहेत. एकच आहेत.

त्याने विमान गिळलंय. पेटी त्याच्या पोटात चालू आहे आणि ती नाव सांगतेय. आता तेही सभ्य झालं.

सरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. तुला ट्रॉमा झालाय, म्हणाले, पण कंट्रोलर्सच्या स्क्रीनवर घोस्ट लेबल फिरतंय, लोक विचारतायत, सॉफ्टवेअर आपलं आहे. ते लेबल हाइड कर, नोन फॉल्ट म्हणून. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, उद्या दुसरं विमान त्या लेबलला चुकवायला गेलं आणि अपघात झाला तर?

तेही पटलं. केलं. आता मार्सेल कोणालाच दिसत नाही. मला स्वतःची शिसारी आली.

११ मे, सोमवार

सकाळी तबकडी थांबवलेली होती, रिचमंड हिलवरूनच, मला न विचारता. घुमटाखाली नवा गोळा. छोटा. गॉर्ड लांब उभा राहिला, मीच फावडं घेतलं.

वास सावजी मसाल्याचा. आमच्या घरचा, आईच्या हातचा, आणि त्याखाली कुजलेलं गोड काहीतरी. आत एक बूट. बुटात पाय होता. केसांचा पुंजका, झिपर, दात. आणि चेपलेला स्टीलचा डबा, झाकणावर टेप, टेपवर राजरत्नचं अक्षर, माझं नाव. डब्यात मसाल्यात कालवलेलं —

नाही लिहिणार. तिथेच बर्फावर ओकले. आत काही उरलं नाही तरी ओकत राहिले. यापुढे मी मसाला कसा खाणार, आईला काय सांगणार.

पोलीस आले, पिशव्यांत भरून नेलं. अस्वलाचं काम म्हणाले. मी विचारलं, अस्वल झाकण लावलेला डबा गिळतं का? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१२ मे, मंगळवार

एक गोष्ट आता स्पष्ट झाली. तबकडी फिरते तोवर ते लांब राहतं. थांबली की येऊन बसतं. त्याला ती हाक अंगावर आपटलेली आवडत नसावी. रडार बंद झालं की त्याला अडवणारं काही नाही.

सरांना हेच लिहून पाठवलं. रडार चालू ठेवा, निदान हा वीकेंड तरी. उत्तर आलं नाही.

राजरत्नला सांगितलं, येऊ नका. कारण विचारलं तर रडायलाच आलं. मार्सेलबद्दल बोलले, वासाबद्दल बोलले. बाकीचं बोलले असते तर त्याला वाटलं असतं मी कामातून गेले. कदाचित वाटलंच. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे, नाही येत. तू जेवलीस का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले, पण तो येणार नाही एवढ्याने हायसं वाटलं.

१३ मे, बुधवार

रडार बंद केलं. कायमचं. रिचमंड हिलवरून, एक बटण. सरांनी सगळ्यांना केकचा फोटो पाठवला.

गॉर्ड लगेच वर चढला आणि तबकडीच्या मोटरचं तांबं कापून घेऊन आला. भंगारात विकणार. मी त्याच्या हातातून वायरी ओढल्या तर हसला, तोंडातली टरफलं माझ्या बाहीवर उडाली.

दुपारी ते येऊन बसलं. आता जातच नाही. घुमटाचा पांढरा रंग दिसत नाही, त्यावर काहीतरी राखाडी पसरलंय आणि मधूनमधून गिळल्यासारखं हलतं. गॉर्ड बघायला बाहेर गेला. परत आला नाही. त्याचा ट्रक उभा आहे, दार उघडं.

मी मोटेलवर पळाले.

१४ मे, गुरुवार

इथूनही दिसतं. गावातले लोक बघतात आणि म्हणतात, स्टेशन पाडताहेत ना, ताडपत्री घातली असेल.

पोलिसांना फोन केला. लाँग वीकेंड झाल्यावर माणूस पाठवू, म्हणाले.

काही खाववत नाही. पाण्यालाही तो वास येतोय.

१५ मे, शुक्रवार

दुपारी घुमट मोकळा दिसला. ते उडालंय. पाठोपाठ फोनवर मेसेज, राजरत्नचा. फोटो. उत्पला विमानात, खिडकीशी, अंगठा वर करून.

तुला अशी एकटी सोडवत नाही गं. मोठं विमान आहे, दोन पायलट. तुला घेऊनच परत येऊ. उत्पला म्हणते, सरप्राइज.

मी नको म्हटलं म्हणूनच ते निघाले. मी घाबरले म्हणून —

फोन लावला. बंद. विमानात बंदच करतात.

धावत स्टेशनवर आलेय. लिहितेय कारण लिहिलं नाही तर किंचाळेन. जमीन बुळबुळीत आहे, दोनदा पडले, अंगाला ती चरबी लागलीय. लागू दे.

नवा पडदा लावला. मार्सेलची पट्टी लपवणारा माझा फिल्टर या पडद्यापुरता काढला. त्यांच्या विमानाची पट्टी आहे, नीट येतेय. मार्सेलची पट्टीही आहे. तळ्याच्या पलीकडे. थांबून राहिलीय.

एअर ट्रॅफिक कंट्रोलला फोन केला. बाई शांतपणे म्हणाली, मॅम, आय हॅव देम राइट हिअर, ऑन कोर्स, नो अदर ट्रॅफिक. तिच्या पडद्यावर दुसरं काही नव्हतंच. मीच पुसलं होतं. विमान वळवा म्हणून ओरडले. तिने माझं नाव विचारलं, कंपनी विचारली, सुपरवायझरला देते म्हणाली. होल्डवर गाणं लागलं. चारुदत्त सर कॉटेजला गेलेत, व्हॉइसमेल.

तबकडीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वर नुसत्या कापलेल्या वायरी —

हाताने ढकलायला वर गेले. फिरली थोडी. तबकडीला वीज नाही तर हाक कुठून जाणार. फिरवत राहिले तरी. हात सोलले. मग खाली आले, पडदा बघायला —

दोन पट्ट्या जवळ येताहेत

उत्पला खिडकीशी बसलीय. तिला दिसेल.

एक झाल्या. एका ठिपक्याला दोन नावं.

सुपरवायझर लाइनवर आला. तुमची फ्लाइट अगदी वेळेवर आहे म्हणतो. उंची बरोबर, दिशा बरोबर. फोन ठेवला.

येतंय. धावपट्टीकडे नाही. इकडे. उंची कमी होतेय, पेटी सगळं सांगतेय, अगदी सभ्यपणे. इंजिनाचा आवाज नाही

वास आला

छत दबलं. पडद्यावर वेग शून्य. ठिपका स्टेशनवर. सांध्यांतून गरम गळतंय, पानावर, हातावर, पुसत नाहीये मी

राजरत्नला पुन्हा फोन लावला. लागला. या वेळी लागला. रिंग वाजतेय

वर वाजतेय, छतापलीकडे, जाड कशाच्या तरी आत, आणि कोणीतरी फोन उचल—